जुना संगणक आणि आजचे इंटरनेट

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिक्कोडी या आमच्या भागातील घरांत व शाळांत संगणक येऊ लागल्यास आता वीस-पंचवीस वर्षे लोटली. त्या पहिल्या पिढीतील पुष्कळ यंत्रे अद्याप मोडीत निघालेली नाहीत. कोठे ती प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात कापड पांघरून बसली आहेत, कोठे माळ्यावर चढली आहेत, तर कोठे लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या दुकानात रोज सकाळी उदबत्ती ओवाळून घेत आजही इमानाने राबत आहेत. त्यांच्याविषयी चौकशी केली असता बहुधा एकच उत्तर मिळते : "यंत्र चालते हो, पण इंटरनेट उघडत नाही. म्हातारे झाले बिचारे." प्रस्तुत लेखात आम्ही या म्हातारपणाची थोडी चिकित्सा करणार आहोत.

ही चिकित्सा केवळ हौसेची नव्हे. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा एका घरात तीन भावंडे व मोबाईल एक, अशी स्थिती आमच्या सीमाभागातील अनेक कुटुंबांनी अनुभवली. त्याच घरांपैकी काहींत माळ्यावर एक संगणक धूळ खात पडलेला होता. आजही निकाल पाहावयाचा असो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा असो, की 'भूमी' योजनेच्या संकेतस्थळावरून शेताच्या पहाणीचा उतारा काढावयाचा असो, वाट इंटरनेटवरूनच जाते. तेव्हा घरात असलेले यंत्र त्या वाटेवर का चालत नाही, हे समजून घेणे प्राप्तच आहे.

ऊस हंगामात आपण सारेच पाहतो की, गाडीवर बेताचा ऊस असला म्हणजे बैलजोडी चिक्कोडीचा चढ सहज चढून जाते. तोच ऊस दुप्पट, चौपट लादला, तर तीच जोडी अर्ध्यावर गुडघे टेकते. अशा वेळी बैल म्हातारे झाले असे म्हणणारा मनुष्य गाडीकडे न पाहता बैलांकडेच पाहत असतो. संगणकाच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. प्रोसेसर हा काही बैलासारखा थकणारा प्राणी नव्हे. २००५ साली तो एका सेकंदास जितकी कामे उरकीत होता, तितकीच तो आजही उरकतो. फार तर पंख्यात धूळ साचते, हार्ड डिस्क कुरकुरते, एखादा भाग सुजतो; परंतु हे दोष दुरुस्त होणारे आहेत. खात्री करून घ्यावयाची असल्यास इंटरनेटची तार काढून टाकावी आणि त्या यंत्रावर एखादे जुने पत्र किंवा जुना हिशेब उघडून पाहावा. तो पूर्वीच्याच वेगाने उघडेल.

आता ओझ्याकडे वळू. ते मोजता येते, हीच त्यातील समाधानाची गोष्ट होय.

जगातील पहिले संकेतस्थळ टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत उभे केले, व ऑगस्ट १९९१ मध्ये त्याची वार्ता बाहेरच्या जगास कळविली. त्या पानावर चित्र नव्हते. होता तो केवळ मजकूर, आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारे दुवे. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पुढे टेलिफोनच्या तारेवरून सेकंदास ५६ किलोबिट या वेगाने जी सेवा मिळे, तीच उत्तम समजली जाई. या वेगाचा हिशेब विद्यार्थ्यांनी अवश्य करून पाहावा. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह इंटरनेटवर साधारणतः ३ बाइट जागा घेते. आपण वाचीत आहात तो लेख सुमारे अडीच हजार शब्दांचा आहे. त्याची चिन्हे मोजली तर सारा लेख ४५ ते ५० किलोबाइटांत मावतो. एका बाइटात ८ बिट असतात. म्हणजे हा संपूर्ण लेख टेलिफोनच्या त्या जुन्या तारेवरूनही, तार पूर्ण वेगाने चालली तर, सुमारे सात सेकंदांत आपल्यापुढे आला असता.

आता आजचे पान घेऊ. जगभरच्या लक्षावधी संकेतस्थळांचे वजन नियमितपणे नोंदविणारा एचटीटीपी आर्काइव्ह नावाचा एक उपक्रम आहे. त्याच्या नोंदीप्रमाणे २०१० च्या अखेरीस संगणकावर उघडणाऱ्या पानाचे मध्यक वजन सुमारे ४७० किलोबाइट होते; ऑक्टोबर २०२४ मध्ये ते सुमारे २,६५० किलोबाइट झाले. चौदा वर्षांत साडेपाच पटींहून अधिक! मध्यक म्हणजे काय ते गणिताच्या तासास आपण शिकलाच आहात : निम्मी पाने याहून हलकी, तर निम्मी याहूनही जड. असे मध्यक पान त्या जुन्या तारेवरून यावयास सव्वासहा मिनिटे लागली असती. आमच्या या लेखासारखे पन्नासांहून अधिक लेख त्या एका पानाच्या वजनात बसतात. पण त्या पानावर वाचावयास पन्नास लेख असतात काय? बहुधा एक असतो, आणि तोही पुष्कळदा अपुरा.

मग उरलेली जागा कोण व्यापतो? प्रथम चित्रे. चित्रांविषयी एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. फाईल लहान दिसली, तरी पडद्यावर येण्यापूर्वी ते चित्र संगणकाच्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, उलगडावे लागते. आणि उलगडल्यावर प्रत्येक ठिपक्यास सामान्यतः ४ बाइट लागतात. मोबाईलच्या कॅमेऱ्याने काढलेले ४,००० ठिपके रुंद व ३,००० ठिपके उंच असे चित्र घ्या. एकूण ठिपके १ कोटी २० लक्ष, बाइट ४ कोटी ८० लक्ष, म्हणजेच ४८ मेगाबाइट. ज्या यंत्रात अवघी २५६ मेगाबाइट रॅम आहे, त्याच्यावर अशी पाच चित्रे कोसळली की ते बापडे अडखळणारच. स्मृती भरली म्हणजे संगणक आपले सामान हार्ड डिस्कवर ठेवू लागतो. हार्ड डिस्क रॅमपेक्षा फारच मंद असल्याने, आपणांस दिसते ते इतकेच की दिवा लुकलुकत आहे, डिस्क करकरत आहे आणि पडदा मात्र निश्चल आहे.

दुसरा वाटेकरी म्हणजे जावास्क्रिप्ट. पूर्वीचे पान हे छापील कागदासारखे होते. एकदा आले की काम संपले. आजचे पान हा एक कार्यक्रमच असतो. पान आल्यावर ब्राउझर त्यातील हजारो ओळींच्या आज्ञा वाचतो, त्यांचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो आणि त्या पाळीत बसतो. हे सारे कष्ट आपल्या प्रोसेसरचे असतात, पान पाठविणाऱ्याच्या नव्हेत. त्या आज्ञांपैकी काही उपयोगाच्या असतात, यात शंका नाही. अर्ज भरताना चुकीचा आकडा पडला तर तत्काळ सूचना मिळते, ती त्यांच्यामुळेच. परंतु कित्येक आज्ञांचे काम इतकेच असते की, वाचक कोणत्या बातमीवर किती वेळ थांबला, कोणत्या जाहिरातीवर त्याने बोट ठेवले, याची टिपणे करून ती दूरच्या कोणा कंपनीस कळवावीत. आपल्याच यंत्राने, आपल्याच विजेवर, आपल्याच मागे हेर लावावा आणि वर आपणच त्याला म्हातारा म्हणावे, हा न्याय आम्हांस तरी अजब वाटतो.

निक्लाउस विर्थ या स्विस संगणकशास्त्रज्ञाने १९९५ साली एका लेखात हा दोष स्पष्ट मांडला होता. यंत्रे जितक्या त्वरेने वेगवान होत आहेत, त्याहून अधिक त्वरेने प्रणाल्या मंद होत आहेत, असा त्याचा आशय. हे त्यानेही स्वतःच्या नावावर घेतले नाही. पण लोक त्यास विर्थचा नियम म्हणून ओळखतात. विर्थ हा पास्कल या संगणकभाषेचा जनक होय. २०२४ च्या पहिल्या दिवशी त्याचे निधन झाले. त्याच्या नियमाची सत्यता पाहावयास दूर जावयास नको. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपी या प्रणालीस किमान ६४ मेगाबाइट रॅम पुरे. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट हवी. म्हणजे वीस वर्षांत किमान गरज ६४ पट झाली. पत्र लिहिणे, हिशेब ठेवणे, बातमी वाचणे ही आपली कामे चौसष्ट पट कठीण झाली आहेत काय?

असे का होते, याचे कारण आमच्या मते फारसे गूढ नाही. पाने रचणारा कुशल कारागीर बेंगळुरू किंवा पुणे अशा एखाद्या शहरात नव्याकोऱ्या यंत्रापुढे, वेगवान जोडणीवर बसलेला असतो. त्याने लादलेले ओझे त्याला स्वतःला कधी वाहावेच लागत नाही. ते वाहतो निपाणीतील विद्यार्थी, आणि त्याचे बिल भरतात त्याचे आईवडील. छापखान्यात असे होत नसे. तेथे एक पान वाढले की कागदाचा खर्च छापणाऱ्याच्याच अंगावर येई. म्हणून संपादक शब्द मोजून घेत. इंटरनेटवर कागदाचा खर्च वाचकाच्या अंगावर गेला, आणि तेव्हापासून मोजणेही सुटले. याउलट, निकालाच्या दिवशी परीक्षा मंडळाचे जे पान लक्षावधी मुले एकाच तासात उघडतात, ते पाहा. क्रमांक लिहावयाची एक चौकट आणि खाली गुण, याहून अधिक त्यावर काय हवे? पान जड केले तर त्या दिवशी मंडळाचाच संगणक प्रथम कोलमडेल. ओझे स्वतःच्या खांद्यावर येते तेव्हा हलके पान रचण्याची विद्या कोणासही चटकन आठवते.

तथापि एकांगी होऊन चालणार नाही. जुने ते सारे सोने होते असे समजणाऱ्यांनी वीस-बावीस वर्षांपूर्वीची मराठी संकेतस्थळे आठवावीत. प्रत्येक वृत्तपत्राचा फॉन्ट निराळा. तो आधी उतरवून घ्यावा, मग बातमी दिसावी. नाहीतर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची खिचडी. एका ठिकाणचा मजकूर दुसरीकडे नेता येत नसे की शोधता येत नसे. जगातील लिप्यांना एकच सामाईक क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ पासूनच होता. पण तो आपल्या पडद्यापर्यंत पोहोचावयास दशकाहून अधिक काळ गेला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, तो याच युनिकोडच्या पायावर. ही सोय नव्या प्रणाल्यांनी दिली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

लिपीचा विषय निघालाच आहे, तर मराठी वाचकाची एक अडचण येथे सांगावयास हवी. इंग्रजीत जुन्या यंत्रांविषयी जे सल्ले दिले जातात, त्यांत ती सहसा आढळत नाही. ते लोक सांगतात की जड ब्राउझर टाका, केवळ मजकूर दाखविणारा हलका ब्राउझर घ्या. लिंक्स हा १९९२ साली अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात जन्मलेला असा एक ब्राउझर आजही मिळतो व तो अत्यल्प रॅममध्ये चालतो. रोमन लिपीच्या वाचकास तो सल्ला उत्तम. आपली लिपी मात्र अक्षरांची नुसती रांग नव्हे. 'क्ष', 'ज्ञ', 'र्क', 'ष्ट्र' ही जोडाक्षरे रचावी लागतात. ऱ्हस्व वेलांटी उच्चाराने व्यंजनानंतर येते, पण लिहिताना त्याच्या आधी बसते. ही जुळणी करणारी यंत्रणा प्रणालीत किंवा ब्राउझरमध्ये नसेल, तर 'विद्यार्थी' हा शब्द पाय मोडलेल्या अवस्थेत समोर येतो. विंडोज एक्सपीमध्येही भाषांच्या खिडकीत जाऊन जटिल लिप्यांची सोय मुद्दाम बसवावी लागे. ती न बसविल्यामुळे 'या संगणकावर मराठी येत नाही' असा शिक्का अनेक निरपराध यंत्रांवर बसला. सारांश, मराठी वाचकास अगदी हलका ब्राउझर पुरत नाही. जुळणी जाणणारा ब्राउझर घेऊन त्याचे ओझे अन्य उपायांनी उतरवावे लागते. आणखी असे की, जोडाक्षरांमुळे देवनागरीच्या फॉन्टमध्ये शेकडो आकृत्या भराव्या लागतात, म्हणून तो रोमन फॉन्टपेक्षा जड असतो. कित्येक मराठी संकेतस्थळे शोभेसाठी असे दोन-तीन फॉन्ट पानाबरोबर पाठवितात, जेव्हा वाचकाच्या यंत्रात एक चांगला देवनागरी फॉन्ट आधीच बसलेला असतो.

ओझ्याखेरीज दुसरा एक अडथळा आहे, तो कुलुपाचा. आज जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळ आपला मजकूर सांकेतिक लिपीत गुंडाळून पाठविते, आणि आपण खरोखर तेच संकेतस्थळ असल्याचे एक प्रमाणपत्र दाखविते. या प्रमाणपत्रास मुदत असते, व ज्या मूळ प्रमाणपत्रांवर त्याचा विश्वास आधारलेला असतो, त्यांनाही मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असे एक बहुप्रचलित मूळ प्रमाणपत्र संपले, आणि जगभरातील असंख्य जुन्या यंत्रांवर आदल्या दिवशी उघडणारी पाने दुसऱ्या दिवशी बंद झाली. यंत्रात काही बिघडले नव्हते. किल्ली तेवढी जुनी झाली होती. प्रणाली नवी केली की नवी किल्ली मिळते. पण विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी, आणि विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज ११ तर साधारणतः २०१७ च्या आधीचे प्रोसेसर स्वीकारीतच नाही. परिणामी अगदी धडधाकट, चार गिगाबाइट रॅम असलेली यंत्रेही आता 'जुनी' या सदरात लोटली गेली आहेत. आमच्यासारख्या मराठी माध्यमाच्या शाळांना नवी यंत्रे सहजासहजी मिळत नाहीत, हे पालकांस ठाऊक आहेच. तेव्हा ही तारीख आमच्या दृष्टीने केवळ बातमी नव्हती.

कुलुपाच्या संदर्भात एक अगदी क्षुल्लक कारण सांगितले पाहिजे, कारण ते वारंवार आढळते. संगणकाच्या मुख्य पट्टीवर नाण्याएवढा एक घट असतो. यंत्र बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. माळ्यावर पडलेल्या यंत्रातील हा घट मेलेला असतो, आणि चालू केल्यावर यंत्रास वाटते की आज १ जानेवारी २००२ आहे. मग समोर २०२६ चे प्रमाणपत्र आले की ते म्हणते, याची मुदत अजून सुरूच झालेली नाही. आणि दार लावून घेते. एकूणएक संकेतस्थळे बंद, घरचे लोक हैराण. घट बदलून तारीख लावली की निम्मी दारे क्षणात उघडतात. सीआर २०३२ या क्रमांकाचा हा घट घड्याळाच्या कोणत्याही दुकानात मिळतो.

दुरुस्तीची ही वृत्ती आमच्या मातीला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावातच सायकलींचे दुकान थाटले होते. सायकली विकता-दुरुस्त करता त्यांतूनच पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर निर्माण झाले; १९१० मध्ये किर्लोस्करवाडीस प्रयाण होईपर्यंत या उद्योगाचे बिऱ्हाड बेळगावचेच होते. यंत्र उघडून आत काय आहे ते पाहण्याची भीती ज्यास वाटली नाही, त्याच्या हातून यंत्रे घडली. आमच्या विद्यार्थ्यांनीही, वीज बंद करून व गुरुजनांच्या देखरेखीखाली, एकदा तरी जुना संगणक उघडून पाहावा असे आम्हांस वाटते.

उघडल्यावर करावयाचे काय? पहिली गोष्ट म्हणजे धूळ झाडणे. पंखा अडला की प्रोसेसर तापतो व स्वतःचा वेग आवरता घेतो. दुसरी म्हणजे रॅम वाढविणे. ती डीडीआर, डीडीआर २, डीडीआर ३ अशा निरनिराळ्या पिढ्यांची असते व एकीची दुसरीच्या खाचेत बसत नाही. यासाठी जुनी पट्टी दुकानदारास दाखवूनच नवी घ्यावी. तिसरी, आणि सर्वांत गुणकारी, म्हणजे फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविणे. २००३ नंतर प्रचारात आलेली साटा जोडणी यंत्रात असली म्हणजे हे काम एका दुपारचे. प्रोसेसर तोच राहतो, परंतु करकरत बसण्याचा काळ जवळजवळ नाहीसा होतो.

त्यानंतर प्रणाली. येथे लिनक्सचा आश्रय घेण्यावाचून गत्यंतर नाही, आणि त्यात कमीपणा तर मुळीच नाही. २००६ साली आलेल्या कोअर २ ड्युओ व त्यानंतरच्या यंत्रांत ६४-बिट प्रोसेसर असतो. अशा यंत्रात ४ गिगाबाइट रॅम घालून लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती बसविली, तर आजचा अद्ययावत फायरफॉक्स त्यावर चालतो. त्याहून जुनी ३२-बिट यंत्रे मात्र आता काठावर आहेत. जून २०२३ मध्ये आलेली डेबियन १२ ही आवृत्ती त्यांवर बसविता येते. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ती सोय काढून घेतली गेली. अँटीएक्स व पपी यांसारख्या आवृत्त्या मुद्दाम अशा दुबळ्या यंत्रांसाठी रचलेल्या आहेत. बसविल्यानंतर फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती व हेर अडविणारे साधन घालावे. अनेक बातम्यांच्या पानांचे वजन याच एका उपायाने निम्म्याहून खाली येते, असा आमचा अनुभव आहे. ज्या पानावर केवळ वाचावयाचे आहे, तेथे वाचन-दृश्याची कळ दाबावी. म्हणजे सजावट गळून मजकूर तेवढा राहतो. एका वेळी दहा-दहा पाने उघडून ठेवण्याची सवय मात्र सोडावी लागेल.

याहूनही एक निराळा मार्ग आहे. इंटरनेटवर जाण्याऐवजी तेथील उपयुक्त भाग एकदाच घरी आणून ठेवावा. किविक्स नावाच्या मोफत साधनाने मराठी विकिपीडिया समग्र उतरवून घेता येतो, व नंतर जोडणीवाचून वाचता येतो. कर्नाटक पाठ्यपुस्तक सोसायटीची मराठी माध्यमाची पुस्तके संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात मिळतात; ती एका पेन ड्राइव्हवर आणून प्रयोगशाळेतील सर्व यंत्रांत ठेवता येतील. जाहिरात नाही, हेर नाही, वाट पाहणे नाही. ज्या यंत्राला बाहेरचे ओझे सोसवत नाही, त्याला घरातील ग्रंथपाल करावे, हे आम्हांस सर्वांत शहाणपणाचे वाटते.

पत्रिका छापणाऱ्यांच्या दुकानातील यंत्रांचे रहस्यही हेच. तेथे २००१ चा पेजमेकर आहे, श्रीलिपीचे मराठी फॉन्ट आहेत, शेजारी कन्नडसाठी नुडी किंवा बरह आहे, आणि इंटरनेटची तार मात्र नाही. म्हणून ते यंत्र अजून तरुण आहे. ती तार तशीच बाहेर ठेवावी, असे आम्ही आग्रहाने म्हणू. कारण ज्या प्रणालीची देखभाल थांबली, तिच्यातील उघडी राहिलेली भोके बुजविणारा कोणी उरत नाही. अशा यंत्रावरून बँकेचा व्यवहार किंवा कोणताही परवलीचा शब्द चुकूनही टाकू नये. पेन ड्राइव्ह लावतानाही तो कोठकोठून फिरून आला आहे याचा विचार करावा.

आणि काही यंत्रांस निरोप द्यावाच लागतो. पेंटियम ४ चे यंत्र व काचेच्या नळीचा पडदा मिळून दीडशे-दोनशे वॅट वीज सहज खातात. २०० वॅट धरले, तर पाच तासांत एक युनिट. तेवढ्याच विजेवर साधा लॅपटॉप कितीतरी अधिक तास चालतो. दिवसभर चालणाऱ्या प्रयोगशाळेत हा फरक वर्षाच्या बिलात दिसतो. उलट बाजूने, नवे यंत्र घडवितानाही पुष्कळ ऊर्जा खर्ची पडते; आणि २०२२ या एकाच वर्षात जगात ६ कोटी २० लक्ष टन ई-कचरा निर्माण झाला, त्यापैकी रीतसर गोळा होऊन प्रक्रिया झालेला भाग अवघा २२.३ टक्के होता, असे संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणांचा २०२४ चा अहवाल सांगतो. म्हणून क्वचित वापरावयाचे यंत्र जुने ठेवणे व दिवसभर राबणारे यंत्र कमी वीज खाणारे घेणे, हा हिशेब आम्हांस पटतो. भंगारवाल्याकडे मात्र काचेचा पडदा देऊ नये. त्याच्या काचेत शिसे असते. २०२२ च्या नियमांनुसार नोंदणी झालेल्या ई-कचरा केंद्रांकडेच तो जावा.

राहता राहिली आपल्या स्वतःच्या पानांची गोष्ट. पाने रचणारे कारागीर दूर शहरात बसतात असे आम्ही वर म्हटले. परंतु अलीकडे आपणही पाने रचू लागलो आहोत. गृहपाठाची टिपणे, सहलीची सूचना, वेळापत्रक, हे सारे शाळेतून घरोघर जाते ते बहुधा कागदाचे छायाचित्र काढून. एका ओळीची सूचना, "उद्या शाळा सकाळची", लिहून पाठविली तर शंभर बाइटही लागत नाहीत. तिचे छायाचित्र दोन-तीन मेगाबाइटांचे होते, म्हणजे सुमारे पंचवीस हजार पट. या वार्षिक अंकाची प्रत संकेतस्थळावर ठेवण्याचा विचार चालू आहे. ती छापील पानांची चित्रे काढून न ठेवता युनिकोड मजकुराच्या साध्या पानांत ठेवावी. चित्रे असतील ती आठशे ठिपके रुंदीपर्यंत लहान करावी. आणि फॉन्ट बरोबर न पाठविता वाचकाच्या यंत्रातील फॉन्टवर विसंबावे, अशी आमची सूचना आहे. तसे केल्यास माळ्यावरून खाली उतरविलेल्या यंत्रावरही अंक उघडेल. दृष्टिहीन वाचकांसाठी मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी जी साधने आहेत, त्यांनाही तो वाचता येईल. छायाचित्रातील अक्षरे त्यांना बहुधा दिसतच नाहीत.